पंचाचे लक्ष

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीची मंडळी घरी आली तेव्हा म्हणाली, "सर, तुम्ही सम्यक स्मृतीवर बोला." मी म्हटले, अहो, भंतेजी व्यासपीठावर बसलेले असताना मी सतिपट्ठानावर बोलायचे म्हणजे मालवणात येऊन मालवणकरणीला माशाचे तिखले कसे करावे ते शिकवण्यासारखे झाले. मी धम्माचा पंडित नाही. माझी हयात शिट्टी फुंकण्यात गेली. आपल्या ह्या जिल्ह्यात कबड्डीचा पंच म्हणून, आणि मधली काही वर्षे घाटावर नोकरीला होतो तेव्हा बास्केटबॉलचा पंच म्हणूनही. तेव्हा मी शिट्टीवरच बोलणार. शिट्टी वाजवणाऱ्या माणसाचे लक्ष कुठे असते, ते कसे सुटते, आणि सुटू नये म्हणून काय करावे लागते, एवढाच माझा विषय. त्यात धम्म कुठे येतो ते तुम्हीच बघा.

पहिल्यांदा हे सांगतो की ही गोष्ट लहान नाही. पुष्कळांना वाटते, खेळ तो खेळ, एक गुण इकडे काय अन् तिकडे काय. पण शाळेच्या स्पर्धेत तालुका जिंकला तर जिल्हा, जिल्हा जिंकला तर विभाग, आणि मग राज्य, अशी शिडी असते. ह्या शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आहेत. राज्य शासनाने २००५ साली खेळाडूंसाठी नोकरीत ५ टक्के आरक्षण ठरवले, ते तर त्याच्याही वर आहे. आता एखादे रापणकराचे नाहीतर शेतमजुराचे पोर तालुक्याच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला चढाईला गेले आणि पंचाचे लक्ष त्या क्षणी प्रेक्षकांत कोण आले तिकडे होते, तर त्या पोराची शिडी खालच्या पायरीवरच मोडली. त्याला कळणारसुद्धा नाही की आपले काय गेले. पंचाला तर मुळीच कळणार नाही. तो चहा पिऊन घरी जाईल.

दुसरी गोष्ट त्या शब्दाची. 'पंच' हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी वेगळ्या अर्थाने ऐकला. गावचे पंच देवळाच्या मंडपात बसायचे आणि आपला माणूस पायरीच्या खाली हात जोडून उभा राहायचा, निकाल ऐकायला. त्याचे म्हणणे ऐकले जाईल याची खात्री नाही. त्याच शब्दाचा बिल्ला आज आपल्या वस्तीतली मुले-मुली छातीला लावतात, आणि ज्यांच्या आज्याने निकाल दिला त्यांचा नातू यांचा निकाल ऐकतो. (कबड्डीत तर मुख्य पंचाला 'सरपंच' असेच म्हणतात. त्याला निवडणूक लागत नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.) म्हणून मला वाटते, आपल्या मुलांनी ही शिट्टी फार जपून वाजवली पाहिजे. कुणाच्या उपकाराची परतफेड म्हणून नव्हे. निकाल ऐकणारा खाली उभा असताना त्याला काय वाटते ते आपल्याला घरातूनच ठाऊक आहे, म्हणून.

आता खेळाकडे येऊ. तुम्ही सगळे कबड्डी बघत आला आहात. पूर्वी हुतूतू म्हणायचे, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, भात कापून झालेल्या मळ्यात. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हा खेळ जगाला दाखवला, १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत तो आला, आणि २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे घराघरात टीव्हीवर आला. ते सगळे तुम्हाला माहीत आहे. मी विचारतो ते वेगळे. तुम्ही सामना बघता तेव्हा चढाईपटूकडे बघता. पंच कुठे बघतो?

पंच बघतो पायांकडे. पुरुषांचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, महिलांचे १२ बाय ८. मध्यरेषेपासून पुरुषांना पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा, दोन्ही अंगांना एकेक मीटरची राखीव जागा. निदान रेषा ओलांडली की नाही, बोनस घेताना पुढचा पाय रेषेपलीकडे पडला तेव्हा मागचा पाय हवेत होता की जमिनीला टेकलेला, समोर सहा बचावपटू होते की पाचच, राखीव जागेत पाय गेला तो स्पर्शाच्या आधी की नंतर. एकेका पावलात निकाल असतो. आणि ह्यातले काहीही पंच दुसऱ्यांदा बघू शकत नाही. टीव्हीवर बघू शकतात, आपल्या मळ्यात नाही.

पण नुसते बघून भागत नाही, कारण कबड्डीत अर्धा निकाल कानाने द्यायचा असतो. चढाईपटूचा दम. 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार समोरच्या अंगणात पाय टाकण्याच्या आधी सुरू झाला पाहिजे, पंचाला स्पष्ट ऐकू आला पाहिजे, आणि परत येईपर्यंत न तुटता चालला पाहिजे. मध्ये श्वास घेतला की खेळाडू बाद. पकड झाली, चार जण अंगावर पडले, खाली गाडलेला तो पोरगा हात लांब करून मध्यरेषा शोधतोय, वरून दोन हजार माणसे ओरडताहेत, आणि पंचाने त्या ढिगाऱ्याखालचा एक श्वास ऐकायचा! मला जगात दुसरा असा खेळ माहीत नाही, जिथे एक माणूस दुसऱ्याच्या श्वासावर पहारा ठेवण्यासाठी नेमलेला असतो.

भंतेजी आपल्याला आनापानसती शिकवतात तेव्हा आपण स्वतःचा श्वास बघतो. मी अनेक वर्षे दुसऱ्यांचा श्वास ऐकला, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पंचाचा स्वतःचा श्वास जर वर चढलेला असेल, छातीत अडकलेला असेल, तर त्याला दुसऱ्याचा ऐकू येत नाही. हे मी कुठल्या ग्रंथातून सांगत नाही. नवे पंच चढाई सुरू झाली की स्वतःच श्वास रोखून धरतात, मग त्यांच्या कानात त्यांच्याच रक्ताचा ठोका वाजतो. त्यांना मी एवढेच सांगत असे, "बाळा, दम त्याने धरायचा आहे, तू नव्हे. तू सोड."

आता जरा बास्केटबॉलकडे जातो. आपल्याकडे सिंधुदुर्गात तो खेळ थोडा, पण पंचगिरीच्या दृष्टीने मला त्याने पुष्कळ शिकवले. २८ मीटर बाय १५ मीटरचे मैदान, दहा खेळाडू, एक चेंडू, आणि पंच दोन किंवा तीन. चेंडू हातात आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटकडे फेकायचा, त्यामुळे खेळ सारखा ह्या टोकाकडून त्या टोकाला धावतो. नवीन पंचाचे डोळे काय करतात? चेंडूच्या मागे जातात. साहजिक आहे, आपण सगळे तेच करतो. पण चेंडू कधी फाउल करीत नाही. फाउल होतो तो बास्केटखाली, जिथे चेंडू अजून आलेलाच नाही, तिथे कोणीतरी कोणाच्या कमरेला हात घालून त्याला अडवून ठेवलेले असते. म्हणून पंचांत वाटणी असते. एक जण बास्केटच्या बाजूला अंतिम रेषेजवळ उभा राहतो, दुसरा मागे राहून बाकीचे मैदान सांभाळतो. चेंडू दुसऱ्याच्या भागात असेल तर आपण चेंडू बघायचा नाही. मोह होतो फार! सगळे जग चेंडू बघत असताना आपण एकट्याने दोन पोरांचे कोपर बघत उभे राहायचे.

ह्यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, आणि गंमत म्हणजे तो बास्केटबॉलचाच आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोघांनी तो केला, १९९९ साली प्रसिद्ध झाला. एक छोटी चित्रफीत. तीन जण पांढऱ्या शर्टात, तीन जण काळ्या शर्टात, आपापसात चेंडू फेकताहेत. बघणाऱ्याला सांगितले, पांढऱ्या शर्टवाल्यांनी किती वेळा चेंडू एकमेकांना दिला ते मोजा. लोकांनी मन लावून मोजले. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेली एक बाई खेळाडूंच्या मधून चालत आली, कॅमेऱ्याकडे तोंड करून छाती बडवली आणि निघून गेली. नंतर विचारले, काही वेगळे दिसले काय? जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितले, छे, काहीच नाही. त्यांना पुन्हा दाखवले तरी विश्वास बसेना.

पोरांनो, हसू नका. तुम्हीही त्याच निम्म्यांत असू शकता, मीही. दशावतारात संकासुर रंगमंचावर येऊन गेला आणि अर्ध्या प्रेक्षकांना दिसलाच नाही, असे कोणी सांगितले तर तुम्ही म्हणाल, झोपले असतील. पण हे लोक झोपले नव्हते, उलट फार जागे होते, एकाच गोष्टीवर. एकाग्रता आणि जागरूकता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ह्यातून कळते. तांडेल बोटीवर उभा असतो तेव्हा समोरच्या लाटेवर त्याचे लक्ष असतेच, पण वारा कुठून फिरला आणि दर्याचा रंग कुठे बदलला तेही त्याला कळत असते. पंचाला तसे लक्ष लागते. पालीत दोन शब्द जोडीने येतात, सती आणि संपजञ्ञ. एक, भान सुटू न देणे. दुसरा, आजूबाजूला काय चालले आहे आणि आपण काय करतो आहोत याची स्पष्ट जाण. मला वाटते ही जोडी फार विचार करून लावलेली आहे.

दोन पंचांच्या वाटणीवरून मला संयुत्त निकायातली एक कथा आठवते. भगवान बुद्ध सुंभ देशात सेदक नावाच्या गावी असताना त्यांनी ती सांगितली. बांबूवर कसरत करणारा एक गुरू आणि त्याच्या खांद्यावर उभा राहणारा शिष्य. गुरू म्हणाला, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे आपण सुखरूप खाली उतरू आणि दोन पैसे मिळवू. शिष्य म्हणाला, तसे नव्हे गुरुजी, तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, मग दोघेही वाचू. भगवंतांनी शिष्याची बाजू घेतली, आणि पुढे हेही सांगितले की स्मृतीने स्वतःला सांभाळणारा दुसऱ्यालाही सांभाळतो. बास्केटबॉलच्या पंचाने ही कथा भिंतीवर लावून ठेवावी. आपला जोडीदार चुकेल ह्या भीतीने जो त्याच्या भागात डोकावतो, त्याचा स्वतःचा भाग रिकामा राहतो, आणि बहुतेक वेळा नेमके तिथेच काहीतरी होते.

त्याच सेदक गावातली दुसरी कथा तर जणू पंचासाठीच सांगितलेली आहे. काठोकाठ तेलाने भरलेले भांडे डोक्यावर घेऊन एका माणसाला गर्दीतून चालायला लावले. एका बाजूला देशातली सर्वांत सुंदर नर्तकी नाचते-गाते आहे, लोकांची झुंबड उडाली आहे, आणि त्याच्या पाठीमागे उपसलेली तलवार घेऊन दुसरा माणूस चालतो आहे, एक थेंब सांडला की मान उडवायची. तो माणूस नर्तकीकडे बघेल काय?

आपल्या मळ्यातल्या पंचाच्या पाठीशी तलवार नसते, पण गर्दी असते. आणि मालवणी गर्दी म्हणजे तोंडाची धारदार. "ओ पंचानू, खंय बघतास?" "चष्मो घालून येवा!" "दम खंय तुटलो? तुझ्या कानात बोंदरा भरलीत काय?" आता ह्यात खरोखर वाईट असे काही नाही. शिवी ऐकून पंचाचा तोल सुटत नाही, खरे तर त्याला सवय होते. धोका वेगळीकडे आहे. इंग्लंडमध्ये २००२ साली नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या पात्रताधारक पंचांना एका जुन्या सामन्यातले प्रसंग पडद्यावर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आरडाओरड्यासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. कोणी त्यांना धमकी दिली नव्हती, प्रेक्षक समोर नव्हतेच. नुसत्या आवाजाने हात अडखळला. आणि त्यांतल्या एकालाही वाटले नसेल की आपण पक्षपात केला.

इथे मला सिगालोवाद सुत्त आठवते, जे आपण गृहस्थांसाठीचा विनय म्हणून ऐकतो. त्यात चार अगती सांगितल्या आहेत, माणूस ज्या चार वाटांनी वाकड्या मार्गाला लागतो त्या. छंद, दोस, मोह आणि भय. छंद म्हणजे आवड, आपला माणूस. दोस म्हणजे राग. मोह म्हणजे न कळणे. भय म्हणजे भीती. मी असे सांगेन की पंचाच्या वाईट निकालांची ह्याहून चांगली वर्गवारी कुठल्याही नियमपुस्तकात नाही. आपल्या शाळेचा संघ, आपल्या वाडीतला पोरगा, आपल्या मित्राचा मुलगा, हा छंद. मघाशी ज्या कर्णधाराने डोळे वटारले त्याला पुढच्या पकडीत दाखवतो, हा दोस. नियम नीट वाचलेला नाही, सहा बचावपटू की पाच ते मोजले नाही, हा मोह, आणि ह्याला औषध सोपे आहे, नियमपुस्तक. भय मात्र कठीण. भय नेहमी भीतीसारखे दिसत नाही. ते समंजसपणाचे रूप घेऊन येते. "कशाला उगाच, शेवटचे मिनिट आहे, वाद नको."

एक प्रसंग सांगतो. गाव सांगणार नाही, नावही नाही. रात्रीचा सामना, मातीचे मैदान, चार बाजूंना हॅलोजन, बक्षीस म्हणून मोठा चषक आणि रोख रक्कम. पंच होता आपल्याच समाजातला एक तरुण, पंच परीक्षा पास होऊन दोन-तीन वर्षे झालेली. शेवटची चढाई, यजमान संघाला एक गुण हवा. चढाईपटूने स्पर्श केला, पकड झाली, तो घसटत मध्यरेषेपर्यंत आला आणि त्याचा हात रेषेला लागला. मैदानावर गुलाल उडाला. आणि ह्या पोराने शिट्टी वाजवून खेळाडू बाद दिला. दम आधीच तुटला होता.

पुढे काय झाले असेल ते तुम्ही जाणता. लोक दोरी तोडून आत आले. कोणीतरी मागून ओरडले, "ह्यो पंच खंयच्या वाडीतलो हाडलास?" वाडीचे नाव त्याने विचारले तेव्हा त्याला वाडीच विचारायची नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला कळले. दहा-बारा मोबाइल समोर आले, हात रेषेला लागला त्याचे चित्रण दाखवत. हात लागलेला त्यालाही दिसला होता. पण मोबाइलमध्ये दम ऐकू येत नाही, त्यात नुसता आरडाओरडा होता. तो एवढेच म्हणत राहिला, "हात लागलो, पण दम तुटलो. माझ्या कानान ऐकलंय." सरपंचाने दोन्ही पंचांना विचारून निकाल कायम ठेवला.

ह्या कथेचा शेवट गोड नाही. त्या गावच्या स्पर्धेला त्याला पुन्हा बोलावले नाही. यजमान संघाच्या कोणी येऊन "तू बरोबर होतास" असेही सांगितले नाही. तो अजून शाळांच्या स्पर्धांना पंच म्हणून जातो, सकाळच्या एसटीने जातो, संध्याकाळच्या एसटीने येतो. मी त्याला विचारले होते, त्या वेळी तुझ्या मनात काय होते? त्याने सांगितले ते मी विसरलेलो नाही. तो म्हणाला, "सर, भीती वाटली. पोटात गोळा आला. पण ती वाटली तेव्हा मला कळले की ही भीती आहे. आणि दम तुटला तो आवाज तिच्या आधी आला होता." बस. वेदना उठली ती वेदना म्हणून ओळखली, आणि तिच्या आधी कानावर काय पडले ते वेगळे ठेवले. भंतेजींनी हे वेदनानुपस्सना म्हणून समजावले असते. ह्या पोराने ते हॅलोजनच्या उजेडात केले.

निकाल दिल्यानंतरचे लक्ष हा एक वेगळाच त्रास आहे. चाळीस मिनिटांचा सामना, एका चढाईला फार तर ३० सेकंद, म्हणजे ८० चढायांच्या आसपास हिशेब जातो. एका चढाईचा निकाल देऊन तुम्ही श्वास घेता तोवर दुसरी सुरू. आता मागच्या निकालावर मन रेंगाळले, "खरेच बोनस होता काय? पाय टेकला तर नव्हता?", की चालू चढाई गेली. त्याहून वाईट म्हणजे भरपाई. मघाशी ह्या संघावर अन्याय झाला असे वाटते, म्हणून पुढचा संशयाचा गुण त्यांना देऊन टाकायचा. पुष्कळ चांगले, दयाळू स्वभावाचे पंच ह्यात सापडतात आणि त्यांना ते न्यायाचे काम वाटते. माझे मत विचाराल तर हे दोन्ही संघांवर अन्याय करणे आहे, कारण आता ते सामना खेळत नाहीत, तुमच्या मनातला जमाखर्च खेळताहेत.

काही जण फार ताणतात. शिट्टी दातात घट्ट, मुठी आवळलेल्या, पापणी लवू द्यायची नाही. पहिल्या वीस मिनिटांत तेज दिसतात, दुसऱ्या डावात डोळे उघडे आणि आत कोणी नाही अशी गत होते. सोण स्थविरांची वीणेची कथा आपल्या मुलांना पाठ आहे, तार फार आवळली तर नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही. आपल्याकडच्या दमट हवेत, मार्च-एप्रिलमध्ये, दिवसाला पाच-सहा सामने करायचे असतील तर ती तार मध्यम ठेवण्याला पर्याय नाही. पाणी प्यायचे, सावली मिळाली तर बसायचे. (चहा आयोजक आठवणीने देतात, पण पंचांना शेवटी. तोवर तो थंड झालेला असतो.)

मग करायचे काय? मी जे करीत आलो आणि नव्या पंचांना सांगत आलो ते थोडक्यात सांगतो. सामन्याच्या अर्धा तास आधी पोचायचे आणि मैदानाला एक फेरी मारायची, रेषा पायाखालून घालवायच्या. कुठे फक्की उडाली आहे, कुठे खड्डा आहे, राखीव जागेची रेषा कुठे पुसट आहे, हे पायाला माहीत झाले की डोळ्याला कमी काम पडते. मग पाच मिनिटे कोणाशी न बोलता बसायचे. ध्यानाला बसलो असे दाखवायचे नाही, नाहीतर लोक चेष्टा करतात, नुसते बुटाची नाडी बांधत बसलो तरी चालते. श्वास येतो-जातो तो बघायचा. सामन्यात दोन चढायांच्या मध्ये जो क्षण मिळतो, खेळाडू मध्यरेषा ओलांडून परत आला आणि दुसरा निघाला त्याच्या मधला, त्यात तळपाय जमिनीला टेकले आहेत एवढे जाणवून घ्यायचे. एकच श्वास पूर्ण सोडायचा. इतका वेळ पुरतो. मागची चढाई त्या श्वासाबरोबर गेली. आणि समोर सहा आहेत की पाच, ते प्रत्येक चढाईला नव्याने मोजायचे, मघाशी सहा होते म्हणून आता सहा असतील असे धरायचे नाही. ह्या मोजण्यानेच मन पुन्हा मैदानावर येते.

अमेरिकेत शिकागो बुल्स नावाचा बास्केटबॉलचा मोठा संघ, मायकेल जॉर्डनचा. त्यांचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी १९९० च्या दशकात जॉर्ज ममफोर्ड नावाच्या ध्यानशिक्षकांना बोलावून खेळाडूंना शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवले. १९९१ ते १९९८ ह्या काळात तो संघ सहा वेळा विजेता झाला. ध्यानामुळेच झाला असे मी म्हणणार नाही, जॉर्डन त्यांच्याकडे होता हे विसरून चालणार नाही. पण जी विद्या आपल्या विहारात दर रविवारी फुकट मिळते, ती त्यांनी माणूस नेमून आणवली, आणि आपली मुले त्या वेळी बाहेर कट्ट्यावर बसून मोबाइल बघत असतात. हे मी रागाने बोलत नाही. मुलांना ध्यान म्हणजे म्हाताऱ्यांचे काम वाटते, कारण त्याचा उपयोग कुठे होतो ते आपण त्यांना कधी दाखवले नाही.

म्हणून समितीपुढे एक सूचना ठेवतो आणि थांबतो. विहाराच्या मागे जी मोकळी जागा आहे ती साफ केली तर महिलांच्या मापाचे, १२ बाय ८ चे, मैदान तिथे बसते, मी पावलांनी मोजून आलो आहे. जिल्ह्यात पंच परीक्षा होते, तिला आपल्या वस्तीतून निदान चार जण बसावेत, त्यात दोन मुली. नियमपुस्तक माझ्याकडे आहे, जुने झाले आहे, बदललेले नियम मी हाताने लिहून ठेवले आहेत. येत्या रविवारी वंदना आणि आनापान झाल्यावर ज्यांना यायचे असेल त्यांनी मागच्या अंगणात यावे. येताना फक्कीची एक पिशवी आणि सुतळी आणा. शिट्ट्या मी घेऊन येतो.

जयभीम. नमो बुद्धाय.